सोडता येत नाही

“लांजेवार, गेल्या वर्षी आपल्या कार्यालयात वर्ग एकचे तीन अधिकारी विष घालून मारले, हे खरं का?”

पळसुले साहेबांनी हे इतक्या शांतपणे विचारलं, की मी आधी ‘हो साहेब’ म्हणून बसलो. नोकरीत चार वर्षं झाली होती. साहेबांचं वाक्य संपलं की ‘हो साहेब’ आपसूक बाहेर पडायचं.

“आणि उंदरांची एकोणीस पदं मंजूर आहेत, पैकी सोळा भरलेली आहेत. हेही खरं?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. केंद्र सरकारच्या एका खात्याचं नागपूरला प्रादेशिक कार्यालय होतं. विदर्भातल्या सरकारी धान्यगोदामांची तपासणी करायची आणि तपासणी केल्याचं दिल्लीला कळवायचं, एवढंच आमचं काम. तपासायला दोन माणसं होती, कळवायला चौदा. मी कळवणाऱ्यांतला. लोकसभेत कुणी तरी गोदामांबद्दल प्रश्न विचारला होता. त्यासाठी दोन तक्ते पाठवायचे होते, एक कर्मचाऱ्यांचा आणि एक उंदरांचा. मी आकडे बरोबर भरले, फक्त मथळे उलटे चिकटवले.

दिल्लीला हे आठ महिने कळलंच नाही. कळलं तेव्हा आलेलं पत्र साहेबांनी माझ्यापुढे सरकवलं. विषप्रयोगाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. तीन अधिकारी कमी झाल्यामुळे रिक्त झालेली पदं विहित नमुन्यात का कळवली नाहीत, एवढंच विचारलं होतं.

“साहेब, मी खुलासा पाठवतो.”

“तुम्ही काहीही पाठवू नका,” साहेब म्हणाले. “हात जोडतो. निमजे मॅडमना बोलवा.”

आमच्याकडे कुठलीही गोष्ट बिघडली, अडली किंवा समजेनाशी झाली, की हेच वाक्य यायचं. प्रमिला निमजे हुद्द्यानं साध्या सहायक. वय चाळिशीचं, बारीक चण, चष्म्याला दोरी. साहेबांची पत्रं त्या लिहीत, साहेबांच्या साहेबांना जाणारे अहवाल त्या लिहीत आणि साहेब कुठल्या बैठकीला निघाले की तिथे काय बोलायचं तेही एका कागदावर लिहून देत. साहेब सही मात्र स्वतः करत. त्या बाबतीत ते कुणावर विसंबत नसत.

मॅडमनी दिल्लीचं पत्र वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अर्ध्या तासात दोन ओळींचं उत्तर तयार केलं. ‘संदर्भीय विवरणपत्रांचे मथळे परस्परांच्या जागी वाचावेत. त्यामुळे पदे रिक्त झाल्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ दिल्लीचं समाधान झालं. साहेबांचं झालं नाही. त्या दिवसापासून मी समोर आलो की ते दुखऱ्या दाढेवर जीभ फिरवावी तसं तोंड करू लागले.

त्यानंतर पंधरा दिवसांत दिल्लीचं परिपत्रक आलं. मंत्रालयात तीन वर्षांसाठी माणूस हवा होता, प्रत्येक प्रादेशिक कार्यालयातून एक. इच्छुकांनी अर्ज करावेत, कार्यालयप्रमुखांनी शेरा मारून पाठवावेत. दिल्लीला गेलेला माणूस परत येत नाही आणि येतो तेव्हा अधिकारी होऊन तपासणीला येतो, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी अर्ज केला. लॉटरीचं तिकीट घेतात ना, तसा. मॅडमनीही केला. त्यांचा तो पाचवा अर्ज होता.

मॅडमचे यजमान दिल्लीला, केंद्राच्याच दुसऱ्या एका खात्यात आरेखक होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली. मॅडम आठवीतल्या मुलीला घेऊन धंतोलीत राहत. बाप आणि लेक दिवाळीत भेटत, नाहीतर मे महिन्यात. मॅडम हे कधी बोलून दाखवत नसत. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दिल्लीला जाणाऱ्या ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसचं वेळापत्रक होतं, तेवढंच.

जावक क्रमांक घालायचं काम माझ्याकडे असल्यानं दोन्ही अर्ज शेऱ्यांसकट माझ्याच हातात आले. माझ्या अर्जावर साहेबांनी लिहिलं होतं, ‘आखलेल्या रकान्यांत न मावणारा, कल्पक कर्मचारी. याची झेप मोठी आहे. अशा गुणी तरुणाला प्रादेशिक कार्यालयात अडकवून ठेवणे देशहिताचे नाही. आजही कार्यमुक्त करू शकतो.’ 

मॅडमच्या अर्जावर दोनच वाक्यं होती. ‘यांच्यावाचून कार्यालय चालणार नाही. सोडता येत नाही.’

मी ते तीनदा वाचलं आणि कागद घेऊन थेट साहेबांकडे गेलो.

“साहेब, शेरे बदलले गेलेत बहुतेक.”

“तुमच्याकडून झालं असतं तर म्हटलं असतं. मी लिहिलेत. बरोबर आहेत.”

“पण साहेब, मॅडम माझ्यापेक्षा...”

“बसा,” साहेब म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच बसायला सांगितलं होतं. “तुमच्या घरी गाई-म्हशी आहेत?”

“भंडाऱ्याला आहेत दोन.”

“दुभती जनावरं बाजारात नेता का?”

“नाही साहेब.”

“मग कुठली नेता?”

साहेब उत्तरासाठी थांबले नाहीत. “घरी पेढे वाटा,” एवढं म्हणाले आणि पंखा वाढवला.

मी पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. आईनं गल्लीभर सांगितलं की पोराला दिल्लीनं बोलावलंय. वर्ध्याच्या एका स्थळाकडून आठ महिने उत्तर येत नव्हतं, ते चार दिवसांत आलं. गुण जुळत नव्हते, ते जुळले.

मॅडमना मात्र सांगायची हिंमत होईना. शेवटी एका दुपारी डबा खाताना मी शेऱ्यांचं बोललो. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तसाच धरून ठेवला.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी तेच असतं. पहिल्या वर्षी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. कुणी तरी कदर केली म्हणून घरी फोन करून सांगितलं. मूर्खच मी.” मग त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे नीट पाहिलं. “लांजेवार, तुम्ही चुका कशा करता?”

“म्हणजे?”

“चेष्टा नाही करत. शिकवा मला. पुढच्या वर्षी तरी सुटेन.”

आयुष्यात कुणी माझ्याकडे काही शिकायला आलं असेल तर ते त्या दिवशी. मी मनापासून शिकवलं. म्हटलं, चूक ठरवून होत नाही. तक्ता जेवण झाल्यावर हाती घ्यायचा. मन दुसरीकडे ठेवायचं. बेरीज वरून खाली करून झाली की खालून वर करायची नाही. मॅडमनी दोन दिवस प्रयत्न केला. मन दुसरीकडे ठेवलं की ते दुसऱ्या तक्त्यात जाई आणि तिथली जुनी चूक सापडे. शेवटी त्यांनी सोपा मार्ग धरला. तिमाही अहवाल तयार होता, तो पाठवायचाच नाही. आठ दिवस तो कपाटात दडवला. या काळात टपालही त्या नीट बघेनात. नुसत्या सह्या करून पुढे ढकलत.

नवव्या दिवशी दिल्लीहून तार आली. अहवालाचा नमुनाच चुकीचा निघाला होता, तो रद्द झाला. देशभरच्या कार्यालयांनी घाईघाईनं चुकीची माहिती पाठवली, एकट्या नागपूरनं विवेक दाखवला. त्याबद्दल कार्यालयाचं अभिनंदन.

साहेबांनी सगळ्यांना समोसे दिले. मॅडमनी आपला समोसा मला दिला.

“माझ्यानं नाही व्हायचं हे,” त्या म्हणाल्या.

जुलैच्या मध्याला त्यांनी दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज टाकला. बावीस वर्षांत त्यांनी रजा अशी घेतलीच नव्हती. नाकारायला साहेबांना नियम सापडेना. नियम शोधून द्यायचं काम मॅडमचंच होतं आणि तो एवढा त्यांनी शोधून दिला नाही. दिल्लीला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं.

“बाकीचं पडून राहू द्या. एवढी एक फाईल मात्र करा.”

फाईल फुलवंताबाई उईके यांची होती. नवरा सोनबा उईके तुमसरच्या गोदामावर चौकीदार होता. नोकरीतच वारला. अडीच वर्षं झाली, बाईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळालेलं नव्हतं. नवऱ्याच्या सेवापुस्तकात ती फुलाबाई होती, मृत्यूच्या दाखल्यावर फुलन आणि शिधापत्रिकेवर फुलवंता. लेखा कार्यालयानं तीनदा कागद परत पाठवले होते. त्यांच्या मते सोनबाला तीन बायका होत्या आणि तिघींपैकी एकही हयात असल्याचा पुरावा नव्हता.

“मॅडम, हे माझ्याकडून व्हायचं नाही.”

“ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येते. तिला तसं सांगा,” मॅडम म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी बाई आली. बाहेरच्या बाकावर पाय दुमडून बसली. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो, तिसऱ्यांदा तिनं थांबवलं.

“मॅडम नाहीत का जी?”

“रजेवर आहेत. त्यांचं काम माझ्याकडे आहे.”

“तुमी नवीन आले का जी?”

“नाही. चार वर्षं झाली.”

“असं का,” ती म्हणाली. “मी अडीच वर्षं येतो जी इथं. तुमाले कागद घेऊन बसलेलं पायलं नाही कधी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून तर तो लागला. साहेबांनी उभं आडवं झापलं तरी मी संध्याकाळी सिनेमाला जात असे. त्या दिवशी मी फाईल घेऊन बसलो.

नावात फरक असला तर काय करायचं त्याचा नियम हवा होता. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन मी गठ्ठा काढला आणि नेहमीप्रमाणे चुकीचा काढला. सेवानियमांच्या जागी चालू वर्षाच्या परिपत्रकांचा निघाला. परत बांधावा लागेल या कंटाळ्यानं चाळत बसलो, तर मधेच जूनमधलं एक परिपत्रक सापडलं. वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांच्या वारसांच्या नावात फरक असेल तर यापुढे कोर्टाचा दाखला मागू नये. तलाठी, सरपंच आणि दोन सहकारी यांचे जबाब पुरेत. मी ते चार वेळा वाचलं. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं तुमसर गाठलं. तलाठी बारशाला गेला होता. मी त्याच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसलो, मुक्काम केला आणि सकाळी त्याला दात घासताना पकडला. सरपंचानं जबाब दिला. गोदामावरच्या दोन हमालांनी अंगठे दिले. त्यांतला एक म्हणाला, “फुला म्हणा नाहीतर फुलन म्हणा, डबा तर एकच बाई आणे ना.” ते वाक्यही मी जबाबात घातलं.

नागपूरला येऊन टिपण लिहिलं. आठ वेळा लिहिलं. मारोतराव म्हणून आमचे जुने शिपाई होते. ते दर वेळी कोरे कागद आणून देत आणि हळहळत, “मॅडम एकदाच लिहीत बाप्पा.”

साहेबांनी टिपण वाचलं. मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढचं वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“खरं सांगा. मॅडमनी दिल्लीहून पाठवलं?”

“नाही साहेब. मी.”

त्यांनी सही केली आणि मी दारापर्यंत पोचलो तोवर म्हणाले, “हिंगणघाटच्या गोदामाचं एक लफडं आहे. जरा बघता का?”

मी बघितलं. मग वरोऱ्याचं बघितलं. मग साहेब बैठकीला निघाले, तेव्हा एका कागदावर काय बोलायचं ते लिहून दिलं. महिनाभरात माझ्या टेबलावर एवढी चळत जमली की पलीकडचा माणूस दिसेना. घरी जाताना मी तक्ते तपासून ठेवू लागलो, खालून वरसुद्धा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी फुलवंताबाई आली, तेव्हा मंजुरीचा आदेश माझ्या हातात होता. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. तिनं तिन्ही नावं कुठे आहेत ते बोटानं दाखवायला लावलं आणि प्रत्येकावर एकदा बोट फिरवलं. “तिघीलेबी भेटलं म्हणा,” ती म्हणाली आणि हसली. अडीच वर्षांत ती हसलेली आमच्या कार्यालयात कुणी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात दिल्लीचा आदेश आला. मंत्रालयासाठी माझी निवड झाली होती. तात्काळ कार्यमुक्त करावं असं लिहिलं होतं.

साहेबांनी मला बोलावलं, बसवलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

“लांजेवार, तुमच्या बाबतीत माझी चूक झाली,” साहेब म्हणाले. “मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं.”

“आभारी आहे साहेब.”

“दिल्लीला काय आहे? उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात थंडी.”

“साहेब, पण आदेश...”

“मी कळवलंय त्यांना. शेरा बदलला.” त्यांनी कार्यालयाची प्रत माझ्यापुढे धरली. मी वाचणार नाही म्हणून मान फिरवली, तर त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. “यांच्यावाचून कार्यालय चालणार नाही. सोडता येत नाही.”

चहावर साय धरली होती. मी ती बोटानं बाजूला केली. “साहेब, माझ्या जागी कुणाला पाठवणार? एक माणूस तर पाठवावाच लागेल.”

“निमजे बाईंना.”

“त्यांच्यावाचून चालत नाही ना?”

“कोण म्हणतं?” साहेबांना खरोखर नवल वाटलं. “दोन महिने त्या नव्हत्या. काही अडलं? तुम्हीच सांगा. उलट उईके प्रकरण अडीच वर्षं पडून होतं, ते त्या नसताना सुटलं. मी दिल्लीला लिहिलं, निमजे अनुभवी आहेत, गुणी आहेत, आजही कार्यमुक्त करू शकतो.”

माझ्यावाचून चालेल, हे सिद्ध करायला मला पुन्हा उंदरांची पदं भरावी लागली असती. ते करून पाहावं, असं त्या रात्री मनात आलंही. सकाळी हिंगणघाटचा तक्ता समोर आला आणि हात आपोआप बरोबर चालला.

वर्ध्याचं स्थळ दिल्लीवर ठरलं होतं, ते नागपूरवर मोडलं. गुण पुन्हा जुळेनासे झाले. आईनं गल्लीत सांगितलं की सरकारच पोराला सोडत नाही. ते तर खरंच होतं.

मॅडम रजेवरून आल्या त्या दिवशीच त्यांच्या हातात आदेश पडला. त्यांनी तो उभ्यानं वाचला आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

“आणि तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“मला सोडता येत नाही.”

त्यांनी काचेखालचं वेळापत्रक काढून पिशवीत ठेवलं. “लांजेवार, मला माफ करा,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, बाई रीत म्हणून बोलतायत. मी म्हटलं, तुमचा त्यात काय दोष? त्या खण आवरू लागल्या. चार दिवसांनी मुलीला घेऊन त्या गेल्या. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. हार साहेबांनी घातला, निरोपाचं भाषणही त्यांनीच केलं. ते मी लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मारोतराव माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले. त्यांच्या हातात एक जाड लिफाफा होता.

“हे माह्यापाशीच राहून गेलं जी,” ते म्हणाले. “मॅडम रजेवर गेल्या तवा देऊन गेल्या होत्या. आता काय करू याचं? त्याइनं परत नाही मागितलं.”

लिफाफ्यावर मॅडमच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी टाचली होती. ‘मारोतराव, १५ ऑगस्टपर्यंत लांजेवारांनी उईके प्रकरण मार्गी लावलं नाही, तर हे साहेबांपुढे सहीसाठी ठेवावं. लावलं तर मला परत द्यावं.’ तारीख रजेच्या आदल्या दिवसाची होती.

आत उईके प्रकरणाचं टिपण होतं. पूर्ण, स्वच्छ, नुसती सही बाकी असलेलं.

म्हणजे बाईंचं काही अडलं नव्हतं. सगळं करून ठेवलं होतं आणि मग ते माझ्या गळ्यात बांधलं होतं. फुलवंताबाईचं नुकसान होऊ नये याची सोय होती. माझं होऊ नये याची नव्हती. चुका करायला जमलं नाही, म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली होती. मला बिनचूक केलं होतं. दिल्लीला पत्र लिहायचं म्हणून मी कागद ओढला. काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं. सुरुवात करण्याआधी, सवय लागली होती म्हणून, त्यांचं टिपण एकदा तपासून घेतलं.

तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं, ‘नावातील फरकाबाबत अर्जदाराने दिवाणी न्यायालयाचा दाखला सादर करावा.’

मी थांबलो. तो नियम जूनमध्येच बदलला होता. उईके प्रकरणाची फाईल घेऊन मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो आणि परिपत्रक काढलं. या वेळी गठ्ठा पहिल्या झटक्यात बरोबर निघाला. परिपत्रकाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ म्हणून मॅडमचीच सही होती. चुका शिकायच्या नादात त्या टपाल न वाचता पुढे ढकलत होत्या, त्या आठ दिवसांतली. हे टिपण साहेबांपुढे गेलं असतं तर फुलवंताबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर आणखी पाच वर्षं बसली असती.

तिथेच रेकॉर्डच्या धुळीत उभा राहून मी दोन्ही टिपणं शेजारी शेजारी धरली. त्यांचं अक्षर सुरेख होतं, भाषा माझ्याहून कितीतरी चांगली होती. पण टिपण माझंच बरोबर होतं. मला इतकं बरं वाटलं की मॅडमवरचा राग कुठल्या कुठे गेला. साहेबांच्या शेऱ्यातला शब्द न् शब्द मला पटला. आणि तो पटला, तेव्हाच मला कळून चुकलं की आता पुढची तीस वर्षं मी इथेच आहे.

मी मॅडमचं टिपण फाडून टाकलं, म्हणजे कधी कुणाच्या हाती लागायला नको. मग वर जाऊन चळतीतली वरची फाईल उघडली.